वांद्र्यातील आठ दिवसांचे मौन

६ ते १३ जानेवारी २०२५ या काळात मी वांद्र्याच्या एका साधनागृहात आठ दिवसांची मौन रिट्रीट, म्हणजे प्रार्थनेसाठीचा एकांतवास, पूर्ण केली. त्याआधी जवळजवळ वर्षभर मी घरी आणि आमच्या धर्मग्रामातील (चर्चच्या स्थानिक पॅरिशमधील) गटात शांत प्रार्थना शिकत होते. या प्रार्थनेकडे ओढ असलेली अनेक माणसे मला या काळात भेटली. ही प्रार्थना कशी करतात, रिट्रीटसाठी अर्ज कुठे द्यायचा, रजा किती लागते, खर्च किती येतो, आणि मुख्य म्हणजे बसूनही आत काहीच घडत नाही तेव्हा काय करायचे, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. मलाही कोणी एका जागी सांगितले नव्हते, म्हणून जे जसे घडले ते त्याच क्रमाने लिहीत आहे.

मी मूळची वसईची. लग्नानंतर दहिसरला आले आणि एका निमसरकारी कार्यालयात लिपिक म्हणून काम करते. लहानपणापासून आमच्या घरी संध्याकाळची रोझरी (जपमाळेची प्रार्थना) कधी चुकली नाही, त्यामुळे प्रार्थना म्हणजे तोंडाने म्हणायचे शब्द, हे माझ्या अंगवळणी पडले होते. २०२३ च्या पावसाळ्यात माझे पप्पा दीर्घ आजारानंतर गेले. त्यानंतर शब्द तोंडातून येत राहिले, पण ते म्हणताना मी तिथे नसे. हे मी पापनिवेदनाच्या वेळी आमच्या फादरांना सांगितले. त्यांनी ते पाप मानले नाही. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात एक सिस्टर दर गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर (चर्चमधील मुख्य उपासनेनंतर) शांत प्रार्थनेचा गट सुरू करणार आहेत, तिथे जाऊन बसा, एवढेच ते म्हणाले.

या काळाचा पहिला दिवस, राखेचा बुधवार, १४ फेब्रुवारी २०२४ रोजी होता आणि दुसऱ्या दिवशी गट सुरू झाला. चर्चच्या मागच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या, मध्ये टेबलावर बायबल आणि एक मेणबत्ती. सिस्टरांनी दिलेली सूचना अगदी थोडी होती. पाठ ताठ ठेवून, पाय जमिनीला टेकवून, डोळे मिटून बसायचे. देवाच्या सान्निध्याला आपला होकार आहे हे दर्शवणारा एखादा लहान शब्द निवडायचा आणि तो मनात हळूच उच्चारायचा. मन विचारात, आठवणीत किंवा एखाद्या भावनेत गुंतले आहे असे ध्यानात आले की चिडचीड न करता त्या शब्दाकडे परत यायचे. वीस मिनिटांनी घंटा वाजली की लगेच उठायचे नाही, दोन मिनिटे तसेच थांबायचे. मी ‘येशू’ हा शब्द निवडला आणि तो आजतागायत बदललेला नाही. शब्द वारंवार बदलू नये, असेही त्यांनी सांगितले होते.

पुढच्या काही गुरुवारी त्यांनी या प्रार्थनेची परंपरा समजावून सांगितली, आणि मला तिचा मोठा आधार वाटला. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारे साधू बायबलमधील एखादे लहान वचन दिवसभर मनात घोळवीत असत. जॉन केसियन या संन्याशाने त्यांची शिकवण लिहून ठेवली. त्यात ७० व्या स्तोत्राचे पहिले वचन, म्हणजे देवाने आपल्या साहाय्यास धावून यावे ही हाक, प्रत्येक प्रसंगी म्हणण्यास सांगितली आहे. चौदाव्या शतकात इंग्लंडमधील एका अनाम लेखकाने तरुण शिष्यासाठी लिहिलेल्या ग्रंथात एकच लहानसा शब्द धरून बसण्याचा मार्ग सांगितला. १९७० च्या दशकात अमेरिकेतील स्पेन्सर येथील ट्रॅपिस्ट मठातील विल्यम मेनिंजर, बेसिल पेनिंग्टन आणि थॉमस कीटिंग या तीन संन्याशांनी तोच मार्ग सामान्य प्रापंचिकांना जमेल अशा रूपात मांडला. दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटे बसण्याची रीत त्यांची. बेनेडिक्टाइन संन्यासी जॉन मेन (१९२६–१९८२) यांची रीत थोडी वेगळी आहे. ते तरुणपणी मलायात नोकरीला असताना स्वामी सत्यानंद यांच्याकडून मंत्राने ध्यान करायला शिकले, आणि संन्यासी झाल्यानंतर पुढे तीच गोष्ट त्यांना केसियनच्या लेखनात सापडली. त्यांच्या रीतीत ‘मारानाथा’ (‘हे प्रभू, ये’) हा शब्द सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड म्हणायचा असतो, तर स्पेन्सरच्या रीतीत मन भरकटले असेल तेव्हाच शब्दाकडे यायचे असते. नवी माणसे या दोन रीती एकत्र करतात आणि मग आपले नेमके काय चुकते आहे ते त्यांना कळत नाही. एक कोणती तरी धरावी आणि निदान काही महिने तिच्यासोबत राहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

गटातील एका वयस्कर काकांनी स्पष्टच विचारले की हे योगासारखे नाही का, आणि आपल्या चर्चला हे चालते का. प्रश्न अनेकांच्या मनात होता, त्यामुळे खोलीत सगळेच सावध झाले. सिस्टरांनी उत्तरादाखल व्हॅटिकनच्या श्रद्धा-सिद्धान्त मंडळाचे १५ ऑक्टोबर १९८९ चे पत्र आणले होते, जे ख्रिस्ती ध्यानाच्या विषयावरच आहे. इतर धर्मांच्या पद्धती केवळ ख्रिस्ती नाहीत म्हणून झिडकाराव्यात असे त्यात म्हटलेले नाही. त्यातले उपयुक्त ते घ्यावे, मात्र ख्रिस्ती प्रार्थना ही देव आणि माणूस यांच्यातील वैयक्तिक नात्याची गोष्ट आहे हे झाकोळले जाऊ नये, असे त्याचे म्हणणे आहे. त्याच पत्रात आणखी एक इशारा आहे. शरीर स्थिर झाल्याने जी स्वस्थता आणि ऊब जाणवते तिला पवित्र आत्म्याचे सांत्वन समजण्याची गल्लत करू नये. मला या इशाऱ्याचा फार उपयोग झाला. दिवसभराच्या कामानंतर पंख्याखाली वीस मिनिटे डोळे मिटून बसले तर कुणालाही बरे वाटेल. ते बरे वाटणे चांगलेच आहे, पण त्यासाठी मी बसत नव्हते, आणि पुढे ते वाटेनासे झाले तेव्हा ही गोष्ट मला आधीच कोणीतरी सांगून ठेवलेली होती.

घरी बसायला जागा आणि वेळ शोधणे हे खरे कष्टाचे काम होते. आमच्याकडे दोन खोल्या, रुळांच्या बाजूची खिडकी, आणि पहाटे सव्वापाचला पाणी येते. शेवटी पाणी येण्याआधीची वीस मिनिटे मी ठरवून टाकली आणि ती सहसा मोडली नाहीत; संध्याकाळची बैठक मात्र कधी घडे, कधी राहून जाई. घड्याळाकडे डोळे जाऊ नयेत म्हणून मोबाईलवर सौम्य घंटेचा गजर लावावा आणि मोबाईल पालथा ठेवावा. मांडी घालून बसायलाच हवे असे मुळीच नाही. माझे गुडघे दुखतात, म्हणून मी लाकडी खुर्चीवर घडी केलेला टॉवेल ठेवून बसते. सासूबाई आधी थोड्या नाराज होत्या. एके दिवशी त्या म्हणाल्या, “अगं, तोंडाने एक शब्द नाही, ही कसली प्रार्थना?” मी ते सिस्टरांना सांगितले, तेव्हा त्यांनी मला आविलाच्या संत तेरेजाने, म्हणजे सोळाव्या शतकातील एका स्पॅनिश संन्यासिनीने, सांगितलेल्या एका जोगिणीची गोष्ट दिली. त्या जोगिणीला तोंडाने प्रार्थना म्हणण्यापलीकडे काही जमत नसे आणि त्याचे तिला दुःख होई, पण ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणता म्हणताच ती खोल चिंतनात पोहोचलेली आहे, हे तेरेजाने ओळखले होते. ही गोष्ट मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्यानंतर त्या पहाटे माझ्या शेजारच्या खाटेवर बसून त्यांची माळ ओठांनीच, आवाज न करता म्हणू लागल्या.

जूनमध्ये सिस्टरांनी आठ दिवसांच्या रिट्रीटचे सुचवले. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांच्या आध्यात्मिक साधनेचा पूर्ण क्रम सुमारे तीस दिवसांचा आहे, आणि प्रापंचिकांसाठी व धर्मभगिनींसाठी तो आठ दिवसांच्या रूपात अनेक साधनागृहांत घेतला जातो. मी वांद्र्याच्या साधनागृहात फोन करून नोव्हेंबरच्या तुकडीसाठी अर्ज मागवला. अर्ज दोन पानी होता. त्यात नाव-पत्त्याबरोबर धर्मग्रामाचे नाव, आधी केलेल्या रिट्रीट, रोजची प्रार्थनेची सवय, चालू असलेली औषधे, गेल्या दोन वर्षांत घरात मृत्यू किंवा मोठा धक्का बसला आहे का, मानसिक आजारासाठी उपचार चालू आहेत का, असे प्रश्न होते. हे रकाने कुणीही मोकळे सोडू नयेत. दीर्घ मौनात जुने दुःख अंगावर येऊ शकते, आणि मार्गदर्शकाला ते आधी ठाऊक असले तर तो त्याप्रमाणे वेग ठरवतो. ज्यांना नैराश्याचा त्रास चालू आहे अशांना पुष्कळदा आधी एक-दोन दिवसांची रिट्रीट सुचवली जाते. अर्जासोबत आधारकार्डाची प्रत, प्रमुख धर्मगुरूंचे परिचयपत्र आणि दोन हजार रुपये आगाऊ रक्कम लागली. परिचयपत्रासाठी चर्चच्या कार्यालयात कुटुंबकार्ड घेऊन संध्याकाळच्या ठरलेल्या वेळेतच जावे लागते आणि पत्र हाती येईपर्यंत आठवडा गेला, म्हणून ते काम सर्वांत आधी करावे. जागा मोजक्या असल्याने मला प्रतीक्षायादीत ठेवले आणि ऑगस्टअखेर जागा मिळाल्याचा निरोप आला.

मधल्या काळात गणेशोत्सव आला. आमच्या इमारतीखालीच मंडप असतो, त्यामुळे ते दिवस संध्याकाळी घरी बसणे शक्य नव्हते. मी कार्यालयातून परतताना चर्चमध्ये थांबत असे. सिस्टरांचे म्हणणे असे की आवाज येऊ द्यावा, त्याच्याशी भांडू नये आणि त्याचा पाठलागही करू नये. मुंबईत राहून शांतता म्हणजे आवाज नसणे अशी व्याख्या केली तर प्रार्थना कधी सुरूच होणार नाही, हे मला तेव्हापासून पटले आहे.

नोव्हेंबरची तारीख मात्र हुकली. १५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणूक जाहीर झाली, २० नोव्हेंबरला मतदान ठरले, आणि आमच्या कार्यालयातील बहुतेकांच्या नावे निवडणूक कर्तव्याचे आदेश निघाले. प्रशिक्षणाचे दिवस नेमके रिट्रीटच्या दिवसांत येत होते. अशा आदेशातून वैद्यकीय कारणाशिवाय सुटका मिळणे कठीण असते आणि तशी ती मागणे मला योग्यही वाटले नाही. साधनागृहाच्या कार्यालयाने माझी आगाऊ रक्कम जानेवारीच्या तुकडीकडे वर्ग केली. आदेशाची प्रत मेलने पाठवावी लागली एवढेच. मग ६ ते १४ जानेवारीसाठी अर्जित रजेचा अर्ज दिला. त्या अर्जात रजेच्या काळातील पत्ता आणि दूरध्वनी यांचा रकाना असतो, आणि मोबाईल तर आत जमा होणार होता. तिथे साधनागृहाचा पत्ता व कार्यालयाचा क्रमांक लिहिला आणि वरिष्ठांना समक्ष भेटून सांगितले की फक्त निकडीच्या प्रसंगीच तिथे फोन करावा. टेबलावरचे काम सहकाऱ्याकडे लेखी सोपवले. कार्यालयात बऱ्याच जणांना मी विपश्यनेला इगतपुरीला चालले आहे असे वाटले. मौन दोन्हीकडे असते, पण येथे दररोज मिस्सा असते, प्रार्थना बायबलच्या उताऱ्यापासून सुरू होते, आणि दिवसातून एकदा मार्गदर्शकाला भेटून बोलायचे असते. संपूर्ण आठ दिवस एकही शब्द नाही, अशी ज्यांना धास्ती आहे त्यांना हा अर्ध्या तासाचा संवाद मोठा दिलासा देतो.

रविवार, ५ जानेवारीला संध्याकाळी दहिसरहून धीम्या लोकलने वांद्र्याला उतरले आणि रिक्षाने माउंट मेरीच्या टेकडीकडे गेले. नोंदवही, बायबल, पातळ शाल, आवाज न करणाऱ्या चपला, औषधे आणि साधे घड्याळ, एवढे सामान पुरते. पुस्तके नेऊ नयेत, कारण मौनात वाचनाचा आडोसा फार लवकर सापडतो. कार्यालयात उरलेली रक्कम भरली. राहणे-जेवण धरून दिवसाला अकराशे रुपये, म्हणजे एकूण ८,८०० रुपये झाले, आणि मार्गदर्शकासाठी ऐच्छिक देणगीचे पाकीट वेगळे. मोबाईल बंद करून नावाची चिठ्ठी लावलेल्या पिशवीत दिला. खोली लहान, खाट, टेबल, क्रूस आणि समुद्राकडे तोंड केलेली खिडकी. रात्रीच्या जेवणानंतर मौन सुरू झाले.

दिवसाचा क्रम ठरलेला होता. सकाळी साडेसहाला सामुदायिक प्रार्थना, नंतर नाश्ता, दिवसभरात प्रत्येकी एक तासाच्या चार बैठका आपापल्या सोयीने, संध्याकाळी मिस्सा, आणि रात्री साडेआठ ते साडेनऊ पवित्र साक्रामेंताची, म्हणजे मिस्सातील पवित्र भाकरीसमोरची, आराधना. प्रत्येक बैठकीनंतर पंधरा मिनिटे फिरत किंवा बसून, ती कशी गेली ते पाहायचे आणि दोन ओळी लिहायच्या. ही सूचना खुद्द इग्नेशियस यांचीच आहे. फार जाणण्याने आत्मा तृप्त होत नाही, आतून चव घेतल्याने होतो, हेही त्यांचेच. म्हणून साधनागृहातल्या माझ्या मार्गदर्शक सिस्टर एका दिवसाला बायबलचा एकच लहान उतारा देत आणि तोच पुन्हा पुन्हा घ्यायला लावत. उतारा सावकाश वाचायचा, एखादी ओळ थांबवील तिथे थांबायचे, देवाशी बोलावेसे वाटले तर बोलायचे, आणि बोलणे आपोआप संपले की तिथेच राहायचे. बाराव्या शतकात गिगो नावाच्या कार्थुशियन संन्याशाने वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन अशा याच चार पायऱ्या सांगितल्या आहेत.

पहिले दोन दिवस मला झोपच झोप आली. सिस्टर म्हणाल्या, “झोपा. वर्षाची थकवट आधी उतरू दे.” तिसऱ्या दिवशी एलिया संदेष्ट्याची गोष्ट होती. वारा, भूकंप आणि अग्नी यांत देव नव्हता, त्यानंतरच्या मंद वाणीत तो भेटला, हा राजांच्या पहिल्या पुस्तकातला प्रसंग. त्या दिवशी सगळ्या बैठका भरून आल्यासारख्या झाल्या, आणि आता पुढे असेच होईल असे वाटून मी आनंदाने झोपले.

चौथ्या दिवशी काहीच उरले नाही. उतारा वाचला तर अक्षरे दिसत, अर्थ पोहोचत नसे. शब्द उच्चारला तर तोही रिकामा. तासभर मी खुर्चीवर बसून होते आणि विमानांचे आवाज मोजत होते. पाचवा दिवस त्याहून कठीण गेला. दुपारी मी बॅगेत कपडे भरूनही ठेवले, कारण घर दूर नव्हते. लोकलने तासाभरात दहिसर. दूरच्या आश्रमात गेलेल्या माणसाला निदान तिकिटाचा विचार करावा लागतो, मुंबईकराला तोही अडसर नाही, हे शहरातच रिट्रीट करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. भेटीच्या वेळी मी सिस्टरांना सांगितले की मला प्रार्थना जमत नाही, मी पप्पांच्या मरणानंतर जिथे होते तिथेच परत आले आहे, आणि मला जायचे आहे.

त्यांनी मला थांबवले नाही. फक्त तीन प्रश्न विचारले. देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, तर मग इतर गोष्टींत वाटते का? टीव्ही, बाहेरचे खाणे, मैत्रिणींशी गप्पा यांची ओढ लागली आहे का? मी विचार करून नाही म्हटले. तेही नको वाटत होते. देवाची आठवण मनातून गेली आहे का, की आपण त्याच्यापासून मागे सरतो आहोत याची काळजी वाटते आहे? काळजी वाटत होती, त्याच काळजीने तर मी बोलत होते. आणि पूर्वीसारखे प्रयत्नाने मनन करायला गेले तर जमते का? जमत नव्हते. मग त्यांनी सांगितले की हे तीन प्रश्न क्रूसाच्या संत योहानाचे आहेत (१५४२–१५९१). हा कोरडेपणा आळसातून किंवा मनाच्या आजारातून आला आहे, की देव माणसाला शब्दांकडून अधिक साध्या प्रार्थनेकडे नेतो आहे, हे ओळखण्यासाठी त्याने या खुणा सांगितल्या, आणि त्या तिन्ही एकत्र असल्या तरच त्यांना अर्थ आहे. केवळ कंटाळा आला म्हणून कुणी स्वतःला ‘काळोख्या रात्रीत’ (योहानाने या कोरडेपणाला दिलेले नाव) धाडू नये, असेही त्यांनी बजावले.

त्यानंतर त्यांनी इग्नेशियस यांचे दोन नियम दिले, आणि माझ्या दृष्टीने साऱ्या रिट्रीटमधील सर्वांत उपयोगी गोष्ट तीच होती. पहिला असा की आत अंधार असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही; उजेडात जे ठरवले होते त्यावर टिकून राहायचे. दुसरा असा की अशा वेळी ठरलेला तास पुरा करायचाच, उलट थोडा अधिक वेळ बसायचे. प्रार्थना आवडते आहे तोवर तास पुरा करणे सोपे असते. नकोशी झालेली असताना पाच मिनिटे जास्त बसणे, यात माणूस देवाला स्वतःहून काही देतो. मी खोलीवर जाऊन बॅग उपसली आणि रात्रीच्या आराधनेत सगळे गेल्यावर आणखी थोडा वेळ बसून राहिले. तेव्हाही काही घडले नाही. हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण आध्यात्मिक अनुभव सांगताना पुष्कळदा अशा रात्रीनंतर लगेच प्रकाश पडतो असे लिहिले जाते, आणि ज्यांच्या बाबतीत तसे होत नाही ती माणसे आपल्यातच काही खोट आहे असे मानून प्रार्थना सोडून देतात.

सहाव्या दिवशी, शनिवारी, सिस्टरांनी बायबलचा उतारा न देता संत तेरेजाने (१५१५–१५८२) आत्मचरित्रात सांगितलेले बागेला पाणी देण्याचे चार प्रकार सांगितले. पहिल्यात विहिरीतून बादलीने पाणी शेंदायचे, दुसऱ्यात रहाट फिरवायचा, तिसऱ्यात ओढ्याचे पाणी वाहत येते, आणि चौथ्यात पाऊस पडतो, तेव्हा माळ्याला काहीच करावे लागत नाही. नवख्याची प्रार्थना म्हणजे बादलीने शेंदणे; आणि कधीकधी विहीरच आटलेली असते, तेव्हाही तेरेजा म्हणते की माळ्याने आपले काम सोडू नये, कारण बाग त्याची नाही, धन्याची आहे. आमच्या वसईच्या वाडीत रहाट होता. विजेचा पंप येण्याआधी पप्पांनी रेडा जुंपून केळींना आणि पानवेलींना त्यानेच पाणी दिलेले, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस विहिरीचा तळ दिसू लागला तरी ते पहाटे उठून वाडीत जात आणि पाटांतला पाला काढून ठेवीत. पाणी नसताना पाट कशाला साफ करता, असे मी लहानपणी कधी विचारले नव्हते. त्या दुपारी मला ते आठवले आणि दीड वर्षात रडले नव्हते इतके मी रडले. ती प्रार्थना होती की शोक होता, हे मी सिस्टरांना विचारले. दोन्ही वेगळे करायची घाई नको, असे त्या म्हणाल्या.

रविवारी, १२ जानेवारीला, प्रभू येशूच्या बाप्तिस्म्याचा सण होता आणि मिस्सामध्ये लूकचे शुभवर्तमान वाचले गेले. बाप्तिस्मा झाल्यावर येशू प्रार्थना करीत असता आकाश उघडले, असे लूक सांगतो. मी हा उतारा अनेकदा ऐकला होता. त्या प्रार्थनेचा एकही शब्द लूकने दिलेला नाही, हे प्रथमच माझ्या ध्यानात आले. येशू तिथे काय म्हणाला ते आपल्याला ठाऊक नाही, पित्याने त्याला काय म्हटले एवढेच आपल्याला सांगितले आहे: तू माझा प्रिय पुत्र आहेस. मी उरलेल्या सगळ्या बैठका त्या एका ओळीपाशी केल्या. कोरडेपणा पूर्ण गेला नव्हता, पण त्याच्याशी माझे भांडण थांबले होते.

१४ जानेवारीला सकाळी नाश्त्यानंतर मौन सुटले. आठ दिवस ज्यांना मी फक्त चालीवरून ओळखत होते त्या बायका एकदम बोलू लागल्या, आणि मला ते थोडे अवघड गेले. मोबाईल मिळाल्यावर तो लगेच सुरू न करता घरी पोहोचेपर्यंत बंद ठेवावा, ही सूचना मी पाळली आणि तिचा उपयोग झाला. शक्य असेल तर रजा एक दिवस जास्त घ्यावी. मी १५ तारखेला कामावर रुजू झाले, आणि तो दिवस मला गोंगाटाचा गेला.

आता या गोष्टीला काही महिने झाले आहेत. पहाटेची बैठक चालू आहे. तिच्यात बहुतेक वेळा विशेष काही जाणवत नाही, आणि सिस्टरांच्या सांगण्यावरून मी वेळ वाढवलेला नाही, वीसच मिनिटे बसते. फरक विचारला तर एवढाच सांगता येईल की कार्यालयात खिडकीशी येणाऱ्या माणसाचे म्हणणे मी पुरते ऐकून घेते, मध्येच तोडत नाही, आणि हे मला माझ्या सहकाऱ्याने सांगितले, माझे मला कळले नव्हते. रोझरीत पुन्हा गोडी आली आहे. महिन्यातून एकदा मार्गदर्शक सिस्टरांना भेटायला वांद्र्याला जाते. रिट्रीटनंतर ही भेट चालू ठेवता येते हे अनेकांना माहीत नसते, पण निघण्यापूर्वीच विचारून दिवस ठरवून घ्यावा, नंतर ते राहून जाते.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी एकदम आठ दिवसांसाठी अर्ज करू नये. आधी धर्मग्रामात असा गट आहे का ते विचारावे, नसेल तर साधनागृहात शनिवार-रविवारच्या लहान रिट्रीटची चौकशी करावी. मार्गदर्शक मराठीत बोलणारा हवा असल्यास ते अर्जातच स्पष्ट लिहावे. आठ दिवस स्वतःचे दुःख दुसऱ्या भाषेत सांगत बसणे जड जाते, आणि मराठी जाणणारे मार्गदर्शक कमी असल्याने त्यांच्या वेळा आधी भरतात. पैशांची अडचण असेल तर कार्यालयात मोकळेपणाने सांगावे. माझ्याच तुकडीतील एका बाईंना शुल्कात सवलत मिळाली होती. सरकारी किंवा निमसरकारी नोकरी असणाऱ्यांनी निवडणुकीचा हंगाम आणि मार्चअखेर टाळून तारीख घ्यावी, आणि परिचयपत्राचे काम अर्ज हाती येण्याची वाट न पाहता सुरू करावे.